वाटणीबाहेरचा तवा

मे महिना संपत आला की लातूरच्या त्या गल्लीत एक दिवस सगळे खोकतात. आधी क्लासला निघालेल्या मुली ओढणी नाकाला लावतात, मग कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार शिंकतो, आणि शेवटी तळमजल्यावरचे घरमालक गुरुबसप्पा जिन्याखाली येऊन वर तोंड करून म्हणतात, "रुक्मिणबाई, मिरग आला वाटतं!"

वर स्वयंपाकघरात रुक्मिणबाई गॅसवर जाळी ठेवून कांदे आणि खोबऱ्याच्या वाट्या भाजत असतात. खिडकी उघडी, दार उघडं, तरी धूर घरातच फिरतो. सून शिल्पा डोळे पुसत कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर जाते आणि बराच वेळ परत येत नाही.

गुरुबसप्पांची सारी हयात तेलबियांच्या अडतीवर मापाडी म्हणून गेली. घर शाकाहारी. वरचा मजला भाड्याने देताना त्यांनी एकच अट घातली होती, की घरात मासळी-मटण शिजणार नाही. रुक्मिणबाईंनी ती अट कधी मोडली नाही. पहिल्या वर्षी मसाल्याच्या धुराने गुरुबसप्पा वर आले तेव्हा रुक्मिणबाईंनी त्यांना परात दाखवली. त्यात कांदा, खोबरं, धने, तीळ, दगडफूल, बाकी काही नव्हतं. गुरुबसप्पांनी परातीकडे पाहिलं, वास घेतला, थोडा विचार केला.

"मसाल्याला माझी हरकत न्हाई," ते म्हणाले. "तो कशाला लागतो तेवढं मला सांगू नका."

संध्याकाळी त्यांच्याकडून एक वाटी वर आली. त्यांना भरल्या वांग्यासाठी थोडा हवा होता. तेव्हापासून ती वाटी दरवर्षी येते.

तो मसाला लागतो माशांना. मृग नक्षत्र लागतं त्या दिवशी नांदेडकडच्या गावांत मासे खातात. कुणी म्हणतं, पावसाळ्यासाठी अंगात ऊब राहते. कुणी काहीच कारण सांगत नाही, मिरग आहे म्हणून खायचे. बहुतेक घरी रस्सा होतो. रुक्मिणबाईंच्या सासरी, कंधार तालुक्यात मन्याड नदीकाठच्या खडकवाडीत, मासे काळे करतात. तुकड्यांना चिरा देऊन चिंचेच्या पाण्यात ठेवायचं, मग मीठ, लसूण, काळा मसाला आणि थोडं ज्वारीचं पीठ चोळायचं, आणि धूर सुटेपर्यंत तापलेल्या बिडाच्या तव्यावर करडईच्या तेलाच्या चार थेंबांवर टाकायचं. मग हात आवरायचा. तुकडा हलवायचा नाही, टोचायचा नाही. खालची बाजू काळी होऊन तव्यापासून आपोआप सुटली की उलटायची. वरून कोळशासारखा दिसणारा तो तुकडा मोडला की आतून पांढरी शुभ्र वाफ येते. बाहेरचा पाहुणा आधी पानाकडे बघतो, मग यजमानाकडे. एक घास खाल्ला की पुढे विचारत नाही.

हे सगळं जमतं ते तव्यामुळे, असं त्या घरात मानतात. तव्याची गोष्ट सांगायची तर वाटणीपासून सांगावी लागते.

रुक्मिणबाईंचे नवरे व्यंकटी आणि धाकटे दीर शेषेराव यांची वाटणी झाली तेव्हा पंच बसले होते. रान वाटलं, बैल वाटले, विहिरीच्या पाण्याचे दिवस ठरले. मग भांड्यांवर आले. हंडा इकडे, घागर तिकडे, परात इकडे, कढई तिकडे. शेवटी अंगणात मासे करायचा बिडाचा तवा उरला. तो वर्षभर गोठ्याच्या भिंतीला टांगलेला असायचा, घरातल्या चुलीवर कधी चढायचा नाही. त्याच्या एका बाजूला रुक्मिणबाईंनी हात घातला, दुसऱ्या बाजूला त्यांची जाऊ साखराबाई हिने. दोघींपैकी कुणी सोडेना. पंचांतला एक जण म्हणाला, "दुसरा विकत आणा की, तव्याचं काय एवढं." त्याच्याकडे दोघींनी अशा नजरेने पाहिलं की त्याने पुढे तोंड उघडलं नाही.

तेव्हा सासू कोंडाबाई उठल्या. त्यांनी दोघींच्या हातांतून तवा काढून घेतला आणि परत गोठ्याच्या भिंतीला टांगला.

"हा कुणाचाच न्हाई," त्या म्हणाल्या. "मिरगाला दोघी एका जागी बसून मासे करा, दोन्ही घरं एका तव्याचं खा. ज्या साली बसणार न्हाईत त्या साली मन्याडात फेकून द्या."

वाटणीनंतर काही वर्षं दोघे भाऊ बांधावर समोरासमोर आले तरी मान वळवायचे. मिरगाला मात्र शेजारी शेजारी बसून काटे काढायचे. रुक्मिणबाईंना त्यातली सोय नंतर कळली. माशाचे काटे काढताना माणसाला भांडता येत नाही, लक्ष बोटांत ठेवावं लागतं. बोलायला लागलेच तर आधी काट्यांविषयी बोलायचे, मग माशाविषयी, मग धरणातल्या पाण्याविषयी, आणि एका मिरगाला बांधावरच्या बाभळीविषयीही बोलणं झालं, जिच्यावरून सगळं बिनसलं होतं. बाभळीचा निकाल लागला नाही, पण पुढच्या महिन्यात व्यंकटी शेषेरावांच्या पेरणीला बैल घेऊन गेले.

कोंडाबाई गेल्या. साखराबाई गेली. व्यंकटीही गेले, आणि त्यानंतर मुलगा भागवत रुक्मिणबाईंना लातूरला घेऊन आला. तो एका डाळमिलमध्ये हिशेबाला आहे. त्यांच्या वाट्याचं रान शेषेरावच कसतात. रुक्मिणबाई गावी जातात त्या मिरगाला. बाकी लग्न-मरण असेल तर तेवढ्यापुरतं, आलेल्या गाडीनं परत. मिरगाला मात्र त्या राहायला जातात, आणि जाताना काळ्या मसाल्याची बरणी पिशवीत कपड्यांच्या मधोमध ठेवतात.

यंदा मसाला भाजून झाला त्याच संध्याकाळी भागवतने विषय काढला.

"आई, ऊन किती हाय. तुझे गुडघे हे असे. काका पण थकलेत. इथं रिंगरोडच्या हाटेलात काळा मासा मिळतो आता. तसाच."

"तसाच म्हंजे कसा?"

"काळाच की."

"डांबर बी काळंच असतंय," रुक्मिणबाई म्हणाल्या.

शिल्पा हसली. भागवत हसला नाही. "यंदाचं जाऊन येऊ," तो म्हणाला. "पण यंदाचं शेवटचं. पुढल्या साली काकांनाच इकडं बोलवू. एसीत बसून खाऊ."

रुक्मिणबाईंनी वाद घातला नाही. भागवतचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. गुडघे खरोखरच तसे होते. फक्त मिरग गेला तर गावाला जायला दुसरं काही कारण उरत नव्हतं, आणि हे त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या, कारण कारणाशिवाय आपल्याच गावाला जावंसं वाटतं हे बोलून दाखवायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी पिशवी भरली आणि यंदा दोन दिवस आधीच कंधारची एसटी धरली. भागवत आणि शिल्पा मिरगाच्या सकाळी गाडी घेऊन येणार होते.

खडकवाडीच्या फाट्यावर शेषेरावांचा मुलगा आदिनाथ मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याचं लग्न सरत्या हिवाळ्यात झालं. बायको ऋतुजा नायगावची, बी. कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारी. तिच्या माहेरी मासळी-मटण चालत नाही. लग्न ठरताना शेषेरावांनी सांगून टाकलं होतं, आमच्यात वर्षातून एकदा अंगणात मासे होतात, पोरीनं खायची गरज न्हाई, नाक मुरडलं न्हाई म्हणजे झालं.

ऋतुजाने नाक मुरडलं नव्हतं. उलट, रुक्मिणबाई हातपाय धुऊन, चहा घेऊन टेकल्या तोच ती म्हणाली, "मोठीमाय, तुमचं सामान तयार करून ठेवलंय मी. या, बघा."

रुक्मिणबाई सवयीने गोठ्याकडे वळल्या.

"तिकडं नाही, इकडं. आत."

स्वयंपाकघरात, स्टीलच्या मांडणीवर, ताटांच्या रांगेत तवा उभा होता. खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडून छतावर गोल कवडसा उमटला होता. रुक्मिणबाईंना तो तवा आहे हे आधी लक्षातच आलं नाही. मग कडेवरची ओळखीची खाच दिसली.

"दोन दिवस लागले," ऋतुजा म्हणाली. "आधी राख, मग विटकर, मग ह्यांनी कंधारहून तारेची घासणी आणली. हात सोलले, पण निघाला."

रुक्मिणबाईंनी तवा हातात घेतला. त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, पुसट, पण कपाळावरच्या गोंदणासकट. इतक्या वर्षांत त्या तव्यात कधी कुणाला काही दिसलं नव्हतं.

मागे दारात आदिनाथ येऊन थांबला. "आगं," तो म्हणाला, "घासणी ह्याच्यासाठी पाहिजे व्हती व्हय तुला? मला वाटलं कढईला."

"का? काय झालं?"

आदिनाथने रुक्मिणबाईंच्या हातातल्या तव्याकडे पाहिलं. ऋतुजा दोघांकडे पाहत राहिली आणि तिचे सोललेले हात तिने हळूच पदरात घेतले.

शेषेराव रानातून आले ते थेट ओसरीवर बसले. आदिनाथने तवा त्यांच्यापुढे आणून ठेवला. सांगण्यासारखं काही नव्हतंच. शेषेरावांनी बोटाच्या पेराने तवा वाजवून पाहिला, जणू फुटलाय का बघावं तसा, आणि बाजूला सारला.

"मिटलं," ते म्हणाले. "आदिनाथ, मासेवाल्याला फोन लाव. म्हणावं, यंदा नको."

"भावजी," रुक्मिणबाई म्हणाल्या.

"वैनी, मी कुणाला बोलून राहिलो का? कुणालाच बोलत न्हाई. मायचं बोलणं तुमी बी ऐकलंय, मी बी ऐकलंय. एका तव्याचं खा म्हणाली. काळं गेलं, तवा ऱ्हायला का? ह्या लोखंडावर मासा टाकला तर सालटं निघतंय. त्यापरीस भागवत म्हणतो ते बरं. मला फोन आलता त्याचा. हाटेलात या म्हणला, जाऊ हाटेलात."

भागवतने आधीच फोन केला होता हे रुक्मिणबाईंना आता कळलं.

दाराआडून ऋतुजा बाहेर आली. डोळे कोरडे होते, आवाज मात्र चढलेला.

"मामा, मला कुणी सांगितलं होतं का? घरात सून आली, घाण भांडं दिसलं, तर ती घासणारच की. तुमचा तवा घासायचा नसतो हे भिंतीवर लिहिलंय का कुठं?"

"ऋतुजा," आदिनाथ म्हणाला.

"थांबा तुम्ही. आणि काळा कुठं होता तो? काळा काळा म्हणून राहिलेत सगळे. तांबडा पडला होता. पापुद्रे सुटत होते, हात लावला की गंज लागायचा. असल्या तव्यातलं मोठीमायला खायला घालायचं होय?"

शेषेराव मान फिरवून गोठ्याकडे बघत बसले. रुक्मिणबाईंनी मात्र तवा परत मांडीवर ओढला.

"पापुद्रे कुठं सुटत व्हते पोरी? कडंला का मधी?"

"मधी. कडेचं निघता निघत नव्हतं. मधलं तर नुसतं चिंधीनं पुसलं तरी येत होतं."

रुक्मिणबाईंनी तव्याच्या मध्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षीचा मिरग त्यांना आठवला. गोठ्यामागे तीन दगडांची चूल, खाली तुराट्यांचा जाळ, आणि तव्याच्या बरोबर मध्यावर खोबऱ्याच्या वाट्या पालथ्या घातलेल्या. त्यांच्याभोवती अख्खे कांदे, सालीसकट. मासे अजून पाण्यात असायचे. व्यंकटी आणि शेषेराव तेव्हा पहाटेच मासे धरणाऱ्या भोयांच्या मागे मन्याडात उतरलेले असत. कोंडाबाई चुलीपुढे बसून उलथन्याने खोबरं दाबायच्या आणि त्यातून तेल सुटून तव्यावर पसरायचं, फेसाळायचं, आणि आटून काळं व्हायचं. साखराबाई तेव्हा अजून घरात यायची होती. नव्या सुनेला कोंडाबाईंनी काही शिकवलं नाही. फक्त शेजारी बसवून ठेवलं आणि धुरानं उठून जाऊ लागली तेव्हा पदराला धरून परत बसवलं. आधी मसाला, मग त्याच तव्यावर मासे. दरवर्षी तसंच. पुढे दोघी जावा तसंच करत गेल्या, एकमेकींशी बोलत असताना आणि नसतानाही.

लातूरला गेल्यापासून मसाला बरणीतून येऊ लागला. सोय होती. गावी येऊन धूर खायला नको, येताच मासे टाकता येतात. तव्याचं काळं दर मिरगाला माशाबरोबर थोडं थोडं जात राहिलं आणि भरत काहीच नव्हतं. वर्षभर गोठ्याच्या ओलीत टांगलेलं लोखंड दुसरं काय करणार. पोरीने विटकर लावली नसती तरी आणखी एक-दोन मिरगांत हेच झालं असतं, फक्त तेव्हा दोष द्यायला कुणी हाताशी नसतं.

पिशवीतून बरणी काढून त्यांनी कोनाड्यात ठेवून दिली.

"आदिनाथ, खोबरं घिऊन ये दुकानातून. वाट्या आण, किसलेलं न्हाई. कांदे घरात हायत ना?"

"बरणीतला मसाला हाय की," शेषेराव म्हणाले.

"तो ऱ्हाऊ द्या. हितं भाजायचा."

"वैनी, इतक्या वर्षांचं काळं दोन दिवसांत येतंय का कुठं?"

"न्हाई येत," रुक्मिणबाई म्हणाल्या. "यायला सुरुवात तर व्हईल. मासेवाल्याला फोन लावू नका."

शेषेराव म्हशीला वैरण टाकायला उठले. फोन मात्र लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागे तीन दगड मांडले. रुक्मिणबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येईना, म्हणून आदिनाथने प्लॅस्टिकची खुर्ची आणली. चुलीपुढे बसली ऋतुजा. अर्धा चिरलेला कांदा काटकीला टोचून करडईच्या तेलात बुडवायचा आणि तापलेल्या तव्यावर घासायचा, धूर निवला की पुन्हा, असं बराच वेळ चाललं. तवा पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तपकिरी. मग खोबऱ्याच्या वाट्या मध्यावर पालथ्या घातल्या आणि कडेने कांदे.

ऋतुजाने नाकातोंडावर रुमाल बांधला होता. तरी ठसका लागला. ती उठू लागली तसा रुक्मिणबाईंचा हात तिच्या पदराकडे गेला, मग त्यांनी तो मागे घेतला.

"जा, पाणी पिऊन ये. मी बघते."

ती परत आली तेव्हा डोळे लाल होते. "लातूरला सगळी गल्ली खोकते म्हणतात हे. खरं आहे का?"

"घरमालक बी खोकतो. खोकतो आन् वाटी पाठवतो."

पहिला घाणा ऋतुजाने आपल्या हिशेबाने उतरवला. काळा करायचा म्हणाल्या, म्हणून चांगला काळा होईपर्यंत ठेवला. रुक्मिणबाईंनी एक कांदा मोडून तिच्या तोंडापुढे धरला. ऋतुजाने चाखला आणि थुंकला.

"कडू आहे."

"हे करपलं. काळं न्हाई."

"दिसायला तर सारखंच आहे, मोठीमाय."

"दिसतंय सारखंच. बोटानं चुरून बघ. राख लागली बोटाला का डाग लागला? राख लागली की करपलं. डाग लागला, तेलकट, धुतला तरी न निघणारा, की काळं."

"म्हणजे उतरवल्यावर कळणार. उतरवायचं कधी ते कसं कळणार?"

हा प्रश्न रुक्मिणबाईंनी कोंडाबाईंना कधी विचारला नव्हता. विचारायची सोयच नव्हती. त्यामुळे उत्तर त्यांनी कधी शब्दांत मांडलं नव्हतं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "कांदा चुरचुरतो ना, ती चुरचुर हळूहळू कमी व्हती. थांबायच्या जरासक आधी उचल. थांबल्यावर जे व्हतं ते करपणं."

दुसरा घाणा ऋतुजाने तव्यावर कान झुकवून, डोळे मिटून भाजला. आदिनाथ गोठ्याच्या दारातून बघत होता. "पूजेला बसलीस का?" तो म्हणाला, आणि उलथनं त्याच्या दिशेने उगारलं गेलं तेव्हा म्हशीमागे गेला.

त्या कांद्याचा ऋतुजाच्या बोटाला डाग लागला. तिने पाणी लावून घासलं, साबण लावून घासलं, आणि निघत नाही म्हणून पहिल्यांदा हसली. खोबऱ्याच्या तेलाने तव्याच्या मधोमध वाटीएवढा एक काळा गोल पडला होता. बाकी तवा तपकिरी, कुठे निळसर, कुठे अजून उघडा. म्हशीच्या अंगावर चिखल अर्धवट वाळावा तसा दिसत होता. शेषेराव दिवसभर रानात होते. संध्याकाळी परतताना चुलीजवळून गेले, थांबले नाहीत, पण आत जाऊन त्यांनी खोबऱ्याचा एक तुकडा मागून घेतला, चुरला आणि बोटाकडे पाहिलं.

मिरगाच्या दिवशी आभाळ कोरडं, पांढरं होतं. आदिनाथ पहाटे धरणावर जाऊन रोहू आणि एक मोठी मरळ घेऊन आला. भागवत आणि शिल्पा दहाच्या सुमाराला पोचले. भागवतने गोठ्यामागे येऊन तवा पाहिला आणि आईकडे पाहिलं. काय झालं ते आदिनाथने त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

तुकड्यांना मसाला लागला. जाळ मोठा केला. रुक्मिणबाई खुर्ची ओढून चुलीच्या तोंडाशी आल्या आणि पहिला तुकडा त्यांनी स्वतः टाकला. धूर उठला. थांबल्या. उलथनं घातलं. तुकडा हलेना. जोर दिला तसा वरचा भाग सुटून आला आणि कातडं तव्याला चिकटून राहिलं.

"आई," भागवत म्हणाला, "हाटेल उघडं असंल अजून."

ओसरीच्या कडेला पाठ करून बसलेले शेषेराव पाठ न वळवता म्हणाले, "गप रे. पयला तुकडा चिकटतोच. तुझ्या बापाचा बी हमेशा मांजरीनं खाल्ला."

ऋतुजाने तवा खरवडला, कांद्याने तेल फिरवलं. "मोठीमाय, मी टाकू का? मधल्या काळ्यावरच टाकते. एका वेळी एकच."

रुक्मिणबाईंनी उलथनं तिच्या हातात दिलं. एका वेळी एक तुकडा म्हणजे जेवायला दुपार टळणार होती.

तुकडा त्या वाटीएवढ्या गोलावर पडला. चुरचुर सुरू झाली. ऋतुजाने मान तिरकी केली. शिल्पा बोलायला लागली तसं तिला आदिनाथने हाताने गप केलं. सगळे ऐकत होते, माशाचा आवाज ऐकायला जमलेली माणसं. आवाज मऊ झाला, विरळ झाला, आणि थांबायच्या आत ऋतुजाने उलथनं सरकवलं. तुकडा अख्खा उलटला. वरची बाजू काळी होती.

शेषेरावांनी तेव्हा पाठ वळवली. मग उठून पाटावर येऊन बसले, आणि शेजारचा पाट हाताने झाडून म्हणाले, "ये भागवत, बस."

पान त्यांचं पहिलं होतं. त्यांनी तुकडा मोडला, वाफ जाऊ दिली, काटा काढला, खाल्लं. दुसरा काटा काढला. भागवत त्यांच्याकडे बघत होता, शिल्पाही. ऋतुजा बघत नव्हती. तिने पुढचा तुकडा टाकला होता आणि तिचा कान तिकडे होता. रुक्मिणबाईंनी हात मांडीवर ठेवले होते आणि त्या शेषेरावांच्या बोटांकडे पाहत होत्या.

"कच्चं हाय," शेषेराव म्हणाले.

"मासा?" आदिनाथने विचारलं.

"मासा झालाय. काळं कच्चं हाय. मायचं काळं असं खोल असायचं, जिभेवर लई वेळ ऱ्हायचं. हे वरवर हाय." त्यांनी आणखी एक घास घेतला. "अजून दोन-तीन मिरग लागतील ह्याला."

शेषेरावांना काटे काढत बोलायची सवय होती, भागवतला नव्हती. त्याच्या तोंडात घास होता आणि एक काटा दाढेत अडकला होता. तो बोट घालून काढत असतानाच शेषेराव म्हणाले, "पुढल्या साली खोबरं तू लातूरहून आण. चांगलं आण, तेलाचं. मसाला आणू नको."

भागवतने मान हलवली. दुसरं काही करणं त्याला शक्य नव्हतं.

तुकडे एकेक करून उतरत राहिले. शेवटची पानं उठली तेव्हा ऊन कललं होतं. ऋतुजाने भाकरी आणि वांग्याची भाजी घेतली. मासा तिने तोंडात घातला नाही, कुणी आग्रहही केला नाही. तवा ती चिंधीने पुसत होती, पाणी न लावता.

"हा परत गोठ्यात टांगला तर परत गंजणार," ती म्हणाली. "तिकडं ओल आहे."

रीत गोठ्याची होती. सगळ्यांनी शेषेरावांकडे पाहिलं. ते उठले, हातोडी शोधून आणली, आणि ओसरीच्या भिंतीत, कोरड्या बाजूला, खिळा ठोकू लागले. सिमेंटमध्ये पहिला खिळा वाकला. दुसरा बसला.

भागवतने गाडी वळवून अंगणात लावली होती. "आई, पिशवी कुठं हाय? चल, उजेड हाय तवर निघू."

"तुमी व्हा म्होरं," रुक्मिणबाई म्हणाल्या.

"म्हंजे?"

"तवा आर्धाच झालाय. कडंनं सगळा उघडा हाय. चार दिवस रोज कांदा फिरवावा लागंल, खोबरं जाळावं लागंल. ही पोर एकटी कशी करंल? पयल्या घाण्याची राख केली तिनं."

"मोठीमाय, दुसऱ्याची नाही केली," ऋतुजा आतून म्हणाली.

भागवतने आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे. शिल्पा आधीच गाडीत बसली होती आणि हसू दाबत होती.

रुक्मिणबाई कोनाड्याकडे गेल्या आणि मसाल्याची बरणी आणून त्यांनी खिडकीतून शिल्पाच्या हातात दिली.

"ही गुरुबसप्पाला दे. सगळी दे," त्या म्हणाल्या. "अन् सांग, यंदाचा खरंच वांग्याचाच हाय म्हणावं."